उद्योजकता शिकवणाऱ्यांना एकत्र बसू द्या: सोलापूर जिल्ह्यातील प्राचार्य आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांचे सन्माननीय प्राचार्य आणि संस्थाचालक यांस,

स.न.वि.वि.

या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला माझ्या महाविद्यालयात एक परिपत्रक निघालं. उद्योजकता हा विषय शिकवणारे जिल्ह्यातले आम्ही प्राध्यापक महिन्यातून एका शनिवारी दुपारी एकत्र बसतो. त्या बैठकीला जाणं यापुढे महाविद्यालयाचं काम धरलं जाणार नाही, जायचंच असेल तर किरकोळ रजा टाकावी, असं त्यात म्हटलं आहे. त्याच कागदावर खाली दुसरी सूचना आहे: उद्योजकतेचा पेपर दर सेमिस्टरला ज्या विभागाचा वर्कलोड, म्हणजे शिकवण्याचे तास, कमी पडेल त्या विभागाकडे जाईल. मी प्राचार्यांना भेटले. मग लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. पुढे सहकाऱ्यांकडून कळलं की आणखी काही महाविद्यालयांत हाच निरोप तोंडी गेला आहे. गेल्या बैठकीला नेहमीची बरीच माणसं आलीच नाहीत.

माझ्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. प्रश्न एका संस्थेपुरता नाही आणि कुणाला चारचौघांत कमीपणा आणावा असाही हेतू नाही. पण ज्यांच्या मुलामुलींसाठी हा विषय आहे त्या पालकांनी, या शहरातल्या कारखानदारांनी आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. म्हणून पत्र खुलं आहे.

मी वाणिज्य शाखेची प्राध्यापिका. घर पद्मशाली विणकरांचं. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, जसं सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी असतं. वडिलांचे चादरीचे यंत्रमाग होते. माल चांगला होता, गिऱ्हाईक होतं, तरीही माग विकावे लागले. सूत रोखीनं घ्यावं लागे, मजुरी दर आठवड्याला चुकती करावी लागे, आणि व्यापाऱ्याकडून पैसे यायला दोन-तीन महिने जात. वहीत नफा दिसायचा आणि शनिवारी मजुरी वाटायला हातात पैसे नसायचे. ही कोंडी त्यांना कुणी उलगडून सांगितली नाही. खेळत्या भांडवलाचं गणित मी पुढे एम.कॉम.ला शिकले, तोवर माग दुसऱ्याच्या शेडमध्ये गेले होते.

आज माझ्या वर्गात नीलम नगर, साखर पेठ, विडी घरकुल इथून मुलं-मुली येतात. कुणाच्या घरी अजून माग चालतात. कुणाची आई विड्या वळते. कुणाचा भाऊ शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे, कुणाची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. या मुलांच्या घरात धंदा आधीपासून आहे. तो नीट उभा कसा करायचा आणि बुडू कसा द्यायचा नाही, हे त्यांना शिकायचं आहे. अभ्यासक्रमात मात्र उद्योजकाचे गुण, उद्योजकाचे प्रकार, शासकीय योजनांची यादी आणि प्रकल्प अहवालाचा नमुना एवढंच हाती लागतं. बाकीचं शिक्षकानं स्वतः उभं करायचं असतं. ते एकट्यानं होत नाही, आणि या पत्रात मला जे सांगायचं आहे ते हेच आहे.

आमचा गट कुणाच्या आदेशानं जमलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका एफडीपीत, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गात, जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता लक्षात आलं की प्रत्येक महाविद्यालयात हा विषय शिकवणारा माणूस एकटा आहे. इतिहासाचा विभाग असतो, गणिताचा असतो. अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. उद्योजकतेला विभाग नाही. कुठे कॉमर्सवाले शिकवतात, कुठे मेकॅनिकलवाले, कुठे गृहविज्ञानाच्या मॅडम, कुठे कृषी पदवीधर. त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर गट झाला आणि पुढे महिन्याची बैठक सुरू झाली, कधी या महाविद्यालयाच्या वर्गात, कधी त्या. चहापाणी आम्ही वर्गणीतून करतो. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, कुणाचा सत्कार नाही.

बैठकीत होतं काय, हे निर्णयाआधी आम्हाला कुणी विचारलं नाही. म्हणून एक उदाहरण सविस्तर देते.

वडिलांच्या अनुभवावरून मी वर्गासाठी चादरीच्या एका छोट्या कारखान्याचं कॅलेंडर तयार केलं. तीन महिन्यांच्या चौकटी. कोणत्या तारखेला सुताचे पैसे द्यायचे, रंगणावळ कधी, दर शनिवारची मजुरी, महिन्याचं वीजबिल, आणि व्यापाऱ्याचा पहिला चेक कधी वटणार. मुलांनी रोजच्या चौकटीत हातात किती उरले ते लिहीत जायचं. नफा-तोटा पत्रकात हा कारखाना फायद्यात असतो. कॅलेंडरवर मात्र दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच शिल्लक शून्याखाली जाते. तिथे वर्ग थांबतो. आता काय करायचं? व्यापाऱ्याला सूट देऊन रोख घ्यायची? सूत उधारीवर मागायचं? बँकेत कॅश क्रेडिट काढायचं? की माल कमी काढायचा? प्रत्येक वाटेची किंमत वेगळी आहे आणि ती मुलांनी आकड्यांत मांडायची.

हे मी बैठकीत मांडलं. इंजिनिअरिंगच्या एका सरांनी लगेच भर घातली: जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, डिझाइन बदलायचं म्हटलं की माग उभा राहतो, त्या काळात माल निघत नाही, पण खर्च थांबत नाही, ते कॅलेंडरवर दिसलं पाहिजे. सांगोल्याकडच्या एका मॅडमनी तेच कॅलेंडर डाळिंबावर नेलं. तिथे चौकटी दिवसांच्या न राहता महिन्यांच्या झाल्या. बाग ताणावर सोडणं म्हणजे पाणी तोडणं, छाटणी, पानगळ, खतं, फवारण्या. पैसा सारखा जात राहतो आणि येतो तो फळ उतरल्यावर. मध्ये तेल्या रोग आला तर तोही येत नाही. मृग बहार धरायचा, हस्त धरायचा की आंबिया, म्हणजे कोणत्या हंगामात फळ घ्यायचं, हे शेतकरी पाण्याकडे बघून ठरवतो. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाण्याबरोबर रोकड आणि बाजारभावही जमेला धरून तोच निर्णय वर्गात घेऊन पाहिला. गृहविज्ञानाच्या सहकारी मॅडमनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बचत गटाचं कॅलेंडर केलं. रोजच्या रोज पैसे हातात येतात तोवर ते अगदी सोपं दिसतं. पुण्याच्या एखाद्या दुकानदाराची मोठी ऑर्डर आली की पहिल्यांदा उधारी सुरू होते, आणि धंदा वाढतो त्याच महिन्यात बाई अडचणीत येते. हे त्या वर्गातल्या मुलींनी स्वतः आकडे भरून पाहिलं.

एका चादरीपासून निघालेला पाठ आज वेगवेगळ्या महाविद्यालयांत वेगवेगळ्या मालावर शिकवला जातो. कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो नाही आणि एकटीनं बसून मला तो सुचला नसता.

आणखी एक सांगते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन, म्हणजे गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे, सोलापूरच्या डाळिंबालाही आहे. परीक्षेत आम्ही मानांकनाचे फायदे विचारतो आणि मुलं पाच मुद्दे लिहितात. पण मानांकन असताना बाजारात बाहेरचा स्वस्त माल सोलापुरी म्हणून कसा खपतो, हा प्रश्न एका विद्यार्थ्यानं विचारला तेव्हा उत्तर द्यायला मला कायद्याच्या प्राध्यापकाची गरज होती. ते गटात होते. नुसतं मानांकन मिळून भागत नाही, उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते आणि गैरवापराविरुद्ध उत्पादकांच्या संघटनेला उभं राहावं लागतं, हे त्यांनी आम्हाला समजावलं. पुढच्या आठवड्यात ते माझ्या वर्गात आले. त्यांनी मानधन मागितलं नाही. त्या तासाची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार रजेची. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण जाहीर केलं. नवउद्योगांना हात देणं हे प्राध्यापकाच्या कर्तव्यांत धरलं जावं, असं ते धोरण सांगतं. तुमच्यापैकी अनेकांनी हे धोरण स्वीकारल्याचा ठराव केला आहे, तो वेबसाइटवर लावला आहे आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला जोडला आहे. मग ज्या कामाला धोरण कर्तव्य म्हणतं, त्यासाठी सहकाऱ्यांशी बोलायला गेलेल्या शिक्षकानं रजा का टाकायची? तोच शिक्षक एखाद्या स्टार्टअप दिनाच्या कार्यक्रमाला गेला, बॅनरपुढे उभा राहिला आणि प्रमाणपत्र घेऊन आला, तर त्याला कर्तव्य रजा मिळते. आमच्या बैठकीत प्रमाणपत्र मिळत नाही. तिथून पुढच्या आठवड्याचा पाठ मिळतो.

दुसरी तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. हा विषय म्हणजे वर्कलोड भरून काढण्याची सोय झाली आहे. कुणाचे तास कमी पडले की उद्योजकता त्यांच्याकडे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण आलं. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्यांचे पेपर, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट असे नवे रकाने टाइमटेबलात आले आणि उद्योजकता शिकवणाऱ्यांची गरज एकदम वाढली. त्याच वेळी दर सेमिस्टरला माणूस बदलायचं तुम्ही ठरवता. या विषयात शिक्षकाला पहिलं वर्ष मुलांच्या घरचे धंदे समजून घ्यायला लागतं. दुसऱ्या वर्षी चार कारखानदार ओळखीचे होतात, बँकेतला एखादा अधिकारी फोन उचलू लागतो. तिसऱ्या वर्षी तो खरं शिकवू लागतो. तेवढ्यात त्याला उचलून पर्यावरणाच्या पेपरला बसवलं तर त्या ओळखी त्याच्याबरोबर जातात आणि नवा माणूस पुन्हा उद्योजकाच्या गुणांपासून सुरुवात करतो. मुलं हे ओळखतात. वर्ग रिकामा होतो, आणि मग आपणच म्हणतो की विद्यार्थ्यांना या विषयात रस नाही.

गटामुळे निदान एक होत होतं. नव्यानं विषय हाती आलेला शिक्षक बैठकीला यायचा आणि आधीच्यांची टिपणं, कॅलेंडरं, कारखानदारांची नावं घेऊन जायचा. तुम्ही माणूसही बदलता आहात आणि त्याला सावरणारी जागाही बंद करता आहात.

तिसरी तक्रार सीएचबीवाल्यांची. तासिका तत्त्वावर काम करणारे अनेक तरुण सहकारी हा विषय शिकवतात. ते जितके तास घेतील तितकेच पैसे. त्यांना ना किरकोळ रजा, ना कर्तव्य रजा. आमच्या गटातला एक सहकारी बैठकीसाठी बार्शीहून स्वखर्चानं येत असे. आता त्याला सांगण्यात आलं आहे की शनिवारी दुपारी महाविद्यालयातच थांबायचं, तास असो वा नसो. त्या थांबण्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. हे न्यायाचं नाही, एवढंच म्हणते.

चौथी तक्रार पैशांची आहे आणि ती थोडक्यात आहे. त्याच २०१९ च्या धोरणात संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकाची किमान १ टक्का रक्कम नवोपक्रम आणि स्टार्टअपसाठी वेगळी ठेवावी असं म्हटलं आहे. ती किती ठेवली आणि कशावर खर्च झाली हे शिक्षकांना कळत नाही. एफडीपीची फी मागितली की तरतूद नाही असं उत्तर येतं.

पाचवी, उद्योजकांना आपण बोलावतो कसं याची. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले कारखानदार आपल्याकडे प्रमुख पाहुणे म्हणून येतात. शाल, श्रीफळ, अर्ध्या तासाचं भाषण, सामंजस्य करारावर सह्या, फोटो. करार फाइलमध्ये जातो. त्या माणसाला वर्गात बसवून, तुमच्याकडे पहिली मोठी ऑर्डर रद्द झाली तेव्हा कामगारांचे पगार कुठून केले, असं मुलांनी विचारावं, ही संधी आपण देत नाही. आमच्या गटानं काही कारखानदारांना असं बोलतं केलं आहे. भाषणापेक्षा त्यांना तेच आवडतं. वालचंद हिराचंद याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मले. त्यांचं नाव आपण स्वागतपर भाषणात घेतो. रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटकांबरोबर भागीदारीत ठेकेदारी सुरू करणारा माणूस १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनपर्यंत कसा पोहोचला, भागीदार कसा निवडला, परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेला कसं तोंड दिलं, यावर सोलापूरच्या वर्गात चर्चा व्हायला हवी. त्यावर एक केस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी खऱ्या उद्योगाची हकिकत, लिहायचं गटानं ठरवलं होतं. ते काम अर्ध्यावर आहे.

तुमची बाजू मी ऐकली आहे. मंजूर पदं भरली जात नाहीत, विनाअनुदानित तुकड्यांचा खर्च फीवर चालतो, शनिवारी माणसं बाहेर गेली की परीक्षेचं काम अडतं. हे खरं आहे आणि त्याचा दोष मी तुमच्या माथी मारत नाही. बैठकीच्या नावाखाली कुणी घरी जाईल ही शंकाही मला समजते. त्यासाठी हजेरी आणि इतिवृत्त दर महिन्याला तुमच्या कार्यालयात द्यायला आम्ही तयार आहोत, तसं मी अर्जातही लिहिलं होतं.

दुसरा मुद्दा मला सांगितला गेला तो असा की आता सगळं ऑनलाइन मिळतं, मग भेटायचं कशाला. शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलचं इनोव्हेशन अ‍ॅम्बेसिडर प्रशिक्षण आहे, २०१८ पासून महाविद्यालयांत इनोव्हेशन कौन्सिल आहेत. त्या प्रशिक्षणातून डिझाइन थिंकिंग, पेटंट, स्टार्टअपचा निधी या गोष्टी नीट कळतात. ज्यांनी केलं नसेल त्यांनी करावं. पण पानिपतच्या स्वस्त मालापुढे चादर कशी टिकवायची, असं माझ्या विद्यार्थ्यानं विचारलं तर त्याचं उत्तर देशभरासाठी बनवलेल्या व्हिडिओत असणार नाही. ते सोलापुरात बसून, कापडवाले, कायदेवाले आणि हिशोबवाले एकत्र येऊनच शोधावं लागेल.

हा विषय जिथे जिथे रुजला तिथे शिक्षकांची संघटित देवाणघेवाण त्याच्या सोबत उभी राहिली. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस यांनी १९४७ मध्ये नवा उद्योग उभारण्यावरचा अभ्यासक्रम सुरू केला, तो अमेरिकेतला या विषयाचा पहिला अभ्यासक्रम मानला जातो. पण हा विषय शिकवणाऱ्यांची संख्या वाढू लागली तेव्हा शिक्षकांना शिकवायचं कुणी, हा प्रश्न पुढे आला. बॅब्सन कॉलेजनं १९८४ मध्ये उद्योजकतेच्या शिक्षकांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. त्यातली मला आवडलेली गोष्ट ही की एक प्राध्यापक आणि एक प्रत्यक्ष उद्योजक अशी जोडी त्यात बोलावली जाई. दोघं मिळून शिकत आणि परत जाऊन मिळून शिकवत. अमेरिकेतल्या उद्योजकता शिक्षकांच्या यूएसएएसबीई या संघटनेच्या वार्षिक परिषदेत शिक्षक वर्गात करून पाहिलेले उपक्रम एकमेकांसमोर मांडतात आणि उत्तम उपक्रमांची निवडही होते. ब्रिटनमध्ये एंटरप्राइज एज्युकेटर्स यूके ही विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांचं जाळं आहे. त्याच्या सदस्य संस्था आळीपाळीनं इतरांना बोलावून आपल्याकडे काय चाललं आहे ते दाखवतात. त्याच देशाच्या क्यूएए या गुणवत्ता यंत्रणेनं २०१२ मध्ये उद्योजकता शिक्षणाची मार्गदर्शिका काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली.

आपल्या देशातही हे नवीन नाही. अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था १९८३ ची. प्राध्यापकांना हा विषय शिकवायला तयार करणं हे तिच्या मुख्य कामांपैकी एक राहिलं आहे. वाधवानी फाउंडेशननं या शतकाच्या सुरुवातीला आयआयटी मुंबई, आयआयएम अहमदाबाद यांसारख्या संस्थांबरोबर नॅशनल आंत्रप्रेन्योरशिप नेटवर्क उभं केलं आणि देशभरातल्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना त्यात जोडून घेतलं. महाराष्ट्रात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये नवोपक्रम आणि नवउद्योगांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. म्हणजे वर सगळं आहे. फक्त सांगोल्याच्या, अक्कलकोटच्या, माढ्याच्या महाविद्यालयात एकट्यानं हा पेपर घेणाऱ्या शिक्षकापर्यंत यातलं काही पोहोचायचं तर जिल्ह्याच्या पातळीवर भेटण्याची एक जागा लागते. ती आम्ही स्वतःच्या खर्चानं तयार केली. तुमच्याकडे आम्ही इमारत मागितली नाही, पद मागितलं नाही.

आता मागण्या.

१. उद्योजकता शिकवणाऱ्या शिक्षकांची महिन्याची बैठक कर्तव्य रजेत धरावी. हजेरी आणि इतिवृत्त आम्ही देऊ. बैठक तासांच्या आड येणार नाही अशाच वेळी ठेवू.

२. हा विषय एका शिक्षकाकडे किमान सलग तीन वर्षं ठेवावा. बदल करणं भागच असेल तर जुन्या आणि नव्या शिक्षकाला एक सेमिस्टर मिळून शिकवू द्यावं.

३. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना बैठकीच्या दिवसाचं मानधन आणि एसटीचं भाडं द्यावं. रक्कम फार नाही.

४. नवोपक्रमासाठी ठेवलेली रक्कम आणि तिचा खर्च दरवर्षी स्टाफरूमच्या फलकावर लावावा, आणि त्यातून दर वर्षी निदान एका शिक्षकाला चांगल्या प्रशिक्षणाला पाठवावं.

५. प्रत्येक महाविद्यालयानं वर्षातून एक कारखानदार किंवा व्यावसायिक एका शिक्षकाला जोडून द्यावा. दोघांनी मिळून सहा-सात तास घ्यावेत. यात बचत गट चालवणाऱ्या बाई असाव्यात, अडत दुकानदार असावा, युनिफॉर्मवाले असावेत. मोठं नावच हवं असं नाही. जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक उद्योजक संघटनांना यासाठी एक पत्र तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंत तर आम्ही पुढचा पाठपुरावा करू.

६. गटात तयार झालेल्या केस, कॅलेंडरं आणि स्वाध्याय मराठीत एकत्र छापायला परवानगी द्यावी. लिहिणाऱ्या शिक्षकाचं नाव त्यावर असावं आणि वापरायला ते जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाला मोकळं असावं. साहित्य कोणत्या संस्थेच्या मालकीचं यावर एक बैठक वादात गेली आहे, तो वाद तुम्हीच मिटवू शकता.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना शासनाच्या नव्या आदेशाची वाट पाहण्याची गरज मला दिसत नाही. कर्तव्य रजेचा निर्णय प्राचार्यांच्या हातात आहे, टाइमटेबलही. मानधनाचा निर्णय संस्थाचालकांच्या हातात आहे.

कारखानदार बंधू-भगिनींना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्या ओळखीच्या महाविद्यालयात जाऊन विचारा की उद्योजकता कोण शिकवतं आणि ते किती वर्षं शिकवत आहेत. तुमच्या कारखान्याच्या अडचणीच्या दिवसांबद्दल वर्गात बोलायची तयारी असेल तर तसं प्राचार्यांना लेखी कळवा. तुमच्या पत्राचं वजन माझ्या अर्जापेक्षा जास्त आहे.

सन्माननीय प्राचार्य आणि संस्थाचालक, पुढच्या बैठकीला तुम्ही स्वतः या. विषय ठरला आहे: चादरीच्या कारखान्यानं टेरी टॉवेलकडे वळावं का, आणि वळायचं तर मागापासून गिऱ्हाइकापर्यंत काय काय बदलावं लागेल. कॅलेंडर मी आणते आहे. शेवटपर्यंत बसा, आणि त्यानंतर हे काम आहे की रजा ते ठरवा.

उत्तराची वाट मी दुसरं सत्र सुरू होईपर्यंत पाहीन. परिपत्रक मागे घेतलं गेलं नाही तर जिल्ह्यातल्या सहकाऱ्यांच्या सह्यांचं निवेदन विद्यापीठाकडे आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे देऊ. तोवर बैठका चालू राहतील आणि मी किरकोळ रजा टाकून त्यांना जात राहीन.

कळावे,

आपली विश्वासू,
उद्योजकता शिकवणारी एक प्राध्यापिका
सोलापूर